दहा पावलांच्या आत

विजयसिंहाच्या मोबाइलचं नाव 'टायगर' होतं. दोन हजार सात सालची गोष्ट. त्या दिवसांत कोल्हापुरात नुसतं माणसाला नाव असून भागत नसे, मोबाइललाही लागायचं, आणि ते मालकापेक्षा चार बोटं वरच असायचं. तालमीच्या कट्ट्यावर ब्लूटूथ चालू केलं की पडद्यावर ओळीनं टायगर, किंग, सरकार असे सगळे हजर. मान वर करून बघावं तर समोर कोण? एक आयटीआय नापास, एक चुलत्याच्या दुकानात पोती उचलणारा, आणि एकाला तर त्याची आई अजून हाताला धरून दवाखान्यात न्यायची.

संध्याकाळी कट्ट्यावर देवाणघेवाण चालायची. गाणी, पेठेच्या टीमनं मारलेला गोल, कुणाच्या तरी वरातीत घोड्यावरून पडलेला नवरा. दोन मोबाइल दहा पावलांच्या आत पाहिजेत, एवढीच अट. एकानं म्हणायचं, "टाकतोय, घे." दुसऱ्याच्या मोबाइलवर प्रश्न उमटायचा: टायगरकडून येतंय, घ्यायचं का? त्यानं 'हो' दाबलं तरच यायचं, आणि आलं की टाकणाऱ्याला तशी पोचही मिळायची. मध्येच कुणी उठून लांब गेला की तुटायचं, मग पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे देणारा आणि घेणारा एकमेकांच्या तोंडाकडे बघतच हा व्यवहार करायचे. हे ध्यानात ठेवा. पुढे या गोष्टीत जो कुणी म्हणेल की क्लिप आपोआप आली, तो खोटारडा समजा.

विजयसिंह उद्यमनगरात लेथवर कामाला होता. अंगानं दांडगा, तालमीच्या फुटबॉल टीमचा जुना गोलकीपर, पेठेत त्याच्या शब्दाला वजन. तिशी आली तरी लग्न नव्हतं. कागलची एक मुलगी त्याला पसंत होती, तिच्या घरच्यांनाही तो पसंत होता. पण बहीण घरात असताना भावाच्या डोक्याला बाशिंग नाही, असा त्याच्या आईचा, आक्काचा, कायदा. आणि बहीण काही घरातून निघत नव्हती.

पूर्णिमा त्याच्याहून तीन वर्षांनी धाकटी. लहानपणी तापात तिचा डावा पाय गेला. गेला म्हणजे आहे, पण गुडघ्याखाली मनगटाएवढा बारीक, आणि चालताना ओढावा लागतो. गुजरीत एका सराफाकडे ती कोल्हापुरी साज ओवायची. बसून करायचं काम. दुकानात येणाऱ्या बायका तिच्या बोटांवर खूष असायच्या, तोंडावर खूष असायच्या, "लगीन झालंय का गं तुझं?" असं विचारायच्या, आणि दुकान बंद करताना ती उठून चालायला लागली की दुसरीकडे बघायच्या. तिला बघायला पाहुणे आले तरी तेच. पोरगी पाण्याचं ताट घेऊन येते तेव्हा पाण्याकडे कोण बघतो? पाहुणे पोहे खायचे, ढेकर द्यायचे आणि "कळवतो" म्हणून जायचे.

म्हणून बहीणभावांनी गच्चीवर सराव सुरू केला होता. कल्पना पूर्णिमाचीच. संध्याकाळी कामावरून आल्यावर ती ताटात पाण्याचे पेले भरून घ्यायची आणि टाकीपासून कठड्यापर्यंत चालायची. विजयसिंह पालथ्या बादलीवर बसून सांगायचा, "पाय ओढू नको, उचल. नजर म्होरं. खांदा पाड." त्यांचे वडील, आण्णा, हयात असताना तालमीत पोरांना असेच शिकवायचे, तोच सूर. जगात एवढ्या एकाच माणसासमोर पूर्णिमा पायाचा विचार न करता चालायची. पडली तर हसायची. त्याच्या देखत पडायला तिला लाज वाटत नव्हती.

नवा मोबाइल घेतला त्या आठवड्यात त्यानं तिला न सांगता तिचं चालणं काढलं. खरंच वाईट मनात नव्हतं. तिला दाखवायचं, कुठं चुकतंय ते तिला कळेल, असं त्याला वाटलं. मेमरीत जास्त मावावं म्हणून त्यानं मोबाइलचा आवाज घेणं बंद ठेवलं होतं, त्यामुळे क्लिप मुकी होती. तिच्यात पूर्णिमा ताट घेऊन येते, अर्ध्या वाटेत पाय अडकतो, पाणी सगळं साडीवर सांडतं. ती ताट खाली ठेवते, साडी गुडघ्यापर्यंत वर घेते, पिळते, आणि मान वर करून हसत काहीतरी म्हणते. मागं नुसतं आभाळ आणि टाकीचा कोपरा. त्यानं ती क्लिप खाली जाऊन एकट्यानं बघितली आणि तिला दाखवली नाही. रोज बघून त्याची नजर मेली होती. पडद्यावर बघितल्यावर त्याला पहिल्यांदा कळलं, की हे किती वाईट दिसतं. तेव्हाच पुसून टाकायची होती. नाही पुसली.

पुढच्याच आठवड्यात लग्नं जुळवणारे बाळासो आले. म्हणाले, "येक जागा हाय. हंबीरराव म्हणून. मूळ गारगोटीचा, नोकरीला वारणानगरात, दूध संघात. आजाचं नाव ठेवलंय, पण माणूस तिशीतलाच. आई आणि त्यो, बास. पर त्येंचं म्हणणं असं की पाय कसा हाय ते आधी कळू दे. उगा त्या पोरीला ताट घिऊन चालवायचं आणि न्हाई म्हणायचं, हे बरं न्हवं."

बघा, समोरचा माणूस किती शहाणा. पण विजयसिंहाच्या डोक्यात कागल होतं. दसऱ्यापर्यंत काही ठरलं नाही तर दुसरं स्थळ बघू, असा निरोप तिकडून आला होता. त्याला वाटलं, तोंडी सांगत बसण्यापेक्षा हे बरं: एकदाच काय ते बघून घ्या आणि हो-नाही कळवा. त्यानं बाळासोंचा मोबाइल हातात घेतला, स्वतःच्याला चिकटवून धरला, आणि बाळासोंच्या वतीनं 'हो'ही स्वतःच दाबलं. "त्येंनाच दावा फकस्त," म्हणाला. "आणि पुर्णीला कळू देऊ नका."

बाळासोंनी फक्त हंबीररावाला दाखवली. हंबीररावानं ती आपल्या मोबाइलवर घेतली, कारण आईला दाखवायची होती. दोघांनी बघितली. नंतर संघातल्या एका सोबत्यानं गाणी घ्यायला त्याचा मोबाइल मागितला आणि गाण्यांबरोबर हाताला लागेल ते उपसून नेलं. त्या सोबत्यानं आपल्या भावाला दिली, भाऊ कोल्हापुरात मॅच खेळायला आला, आणि मैदानाच्या कडेला बूट बांधता बांधता त्यानं ती सर्जेरावाला दिली. सर्जेराव म्हणजे विजयसिंहाचा जिगरी दोस्त, मोबाइल दुरुस्त करायचा. दसरा व्हायच्या आत क्लिप पुन्हा पेठेत. चार हात, आणि प्रत्येक हातानं 'हो' दाबलेलं.

कट्ट्यावर तिला न ओळखणारा एकही नव्हता. लहानपणापासून त्यांच्या कपाळाला टिळा लावणारी गल्लीची बहीण ती. भाऊबीजेला तालमीतली निम्मी पोरं तिच्याकडे ओवाळून घ्यायची. तरी सगळ्यांनी घेतली. विजयसिंह आला की मोबाइल खिशात, गेला की बाहेर. क्लिप मुकी, त्यामुळे ती शेवटी हसून काय म्हणते यावर पैजा लागल्या. एवढा पाय उघडा टाकून ती हसते म्हणजे समोर कुणीतरी यार असणार, हे तर कट्ट्यानं ठरवूनच टाकलं. कुठली गच्ची, कोण माणूस, यावर चर्चा चालायची. भाऊ असेल असं एकाच्याही मनात आलं नाही. आमच्याकडे बाईच्या हसण्याला यारच लागतो.

सगळ्यांचं बघून झालं, मग सर्जेरावाला दोस्ती आठवली. तो लेथवर आला, विजयसिंहाला बाजूला घेतलं आणि खाली मान घालून मोबाइल पुढं केला. "भावा, ह्ये फिरायलंय. बघवलं न्हाई मला."

विजयसिंहानं क्लिप ओळखली. तोंडातून खरं निघालं असतं तर याच क्षणी निघालं असतं. 'मीच काढली, मीच दिली, चुकलं.' पाच शब्दांचं काम. पण सर्जेराव त्याच्याकडे बघत होता, आणि त्या बघण्यात पेठ होती, तालीम होती, कागल होतं. विजयसिंहानं लेथचं हँडल उपसून जमिनीवर आपटलं आणि ओरडला, "कोण हाय त्यो? जित्ता सोडत न्हाई त्येला." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा शेजारची चिमणाबाई नुकतीच आक्काला भेटून गेली होती. बायकांपर्यंत क्लिप पोचली नव्हती, पण तिचं वर्णन पोचलं होतं, आणि वर्णनात यार होताच. पूर्णिमा चुलीशेजारी उभी होती आणि आक्का तिला विचारत होती.

"कुणाम्होरं पाय उघडा टाकून हसत हुतीस? नाव सांग."

"कुणाम्होरं न्हाई आक्का. मी कशाला हसू?"

"आख्ख्या पेठेनं बघितलंय. लंगडीचं थेर."

आणि आक्कानं तिच्या थोबाडीत मारली. एक, मग दुसरी. सत्तावीस वर्षांच्या पोरीला. पूर्णिमा दारात उभ्या भावाकडे बघत राहिली, त्यानं सोडवावं म्हणून. विजयसिंह म्हणाला, "आक्का, बास कर. त्येला मी बघतो." कुणाला बघतो ते त्यालाच माहीत. पूर्णिमा गालावर हात धरून म्हणाली, "दादा, मला कायच ठावं न्हाई रं. तू शोध. तुला घावंल." आणि तिनं त्याचा हात धरला. त्यानं तो धरू दिला.

शोधायची युक्ती सर्जेरावानं काढली. कट्ट्यावर उभा राहून सांगायला लागला, "ही चीज वाऱ्यावर येत न्हाई. देणारा घेणाऱ्याच्या शेजारीच असतोय, दहा पावलांच्या आत. मला कुणी दिली ते मी सांगतो. त्येला कुणी दिली ते त्यो सांगंल. असं हात धरून मागं मागं गेलं की मूळ घावतंयच." सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्यांच्या खिशात ती क्लिप अजून गरम होती त्यांनीच सगळ्यात आधी गाड्या काढल्या. गल्लीच्या बहिणीचा प्रश्न होता की.

विजयसिंह सर्जेरावाच्या मागं बसला. युक्ती चोख होती, हेच त्याचं मरण होतं. हात धरून मागं मागं गेलं तर ते सगळे वारणानगरहून बाळासोंकडे जाणार आणि बाळासोंकडून थेट त्याच्या घरात. वाठारचा फाटा येईपर्यंत त्याला हे पक्कं कळलं, की मध्ये कुठेतरी ही साखळी तोडावी लागेल. कुठं, ते त्यानं वाऱ्याला तोंड देत ठरवलं.

मॅच खेळलेल्या पोराला त्यांनी आधीच फोनवर दम दिला होता. त्यानं भावाचं नाव सांगितलं. भावाला दूध संघाच्या गेटवर गाठलं. दोन थपडांत त्यानं हंबीररावाचं नाव सांगितलं आणि कामगारांच्या वसाहतीतलं घरही दाखवलं. "माझ्या मोबाइलवर आपोआप आली," असंही म्हणाला.

हंबीरराव दारातच होता. किडकिडीत, चष्मा, संघातली निळी पँट अजून अंगावर. सहा-सात गडी अंगणात आलेले बघून आधी बिचकला, मग त्यानं विजयसिंहाला ओळखलं. बाळासोंनी घरातल्या सगळ्यांचा फोटो दाखवला होता. त्याचा चेहरा खुलला.

"या की पावणं, या. आई, पावणं आल्यात बघ कोल्हापूरचं. पाणी आण." मग विजयसिंहाला म्हणाला, "बाळासोंनी सांगितलं न्हवं? आमचं होय हाय. आईनं बी होय म्हटलंय. रविवारी आमीच येणार होतो."

त्याची आई धोंडुबाई तांब्या आणि गुळाची वाटी घेऊन बाहेर आली. विजयसिंह तिथं उभा होता. त्याची बहीण, जिला नऊ घरांनी नाकारलं, तिला या घरानं पाय बघून, आधी बघून, हो म्हटलं होतं. एक घोट पाणी प्यायचं, गूळ तोंडात टाकायचा आणि सर्जेरावाला म्हणायचं, चला. सगळंच मिळालं असतं, कागलसकट.

पण सर्जेराव पुढं झाला आणि त्यानं मोबाइल हंबीररावाच्या तोंडासमोर धरला. "ही तुझ्याकडनं बाहेर गेलीया. तुला कुणी दिली?"

हंबीररावानं बघितलं आणि त्याचा रंग उतरला. क्लिप बाहेर गेल्याचं त्याला तेव्हाच कळलं. "अरं देवा," म्हणाला. "ही बाहेर कशी..." मग चष्म्याआडून विजयसिंहाकडे बघितलं, मदत मागितल्यासारखं. "पावणं, तुमीच सांगा की ह्यास्नी. ही तर तु..."

विजयसिंहाचा गुद्दा तोंडावर बसला. पुढचा शब्द आतच राहिला. हंबीरराव पायरीवर पडला, आणि तो पुन्हा तोंड उघडायला लागला तसा विजयसिंहानं पुन्हा तोंडावरच मारलं. दुसरीकडे कुठंही नाही, तोंडावरच. नंतर कट्ट्यावर त्याच्या या एकाग्रतेचं फार कौतुक झालं. मग बाकीचेही तुटून पडले. प्रत्येकाला आपल्या खिशातली क्लिप फेडायची होती. धोंडुबाई तांब्या टाकून मध्ये पडली, "अवो त्येनं काय केलंय," म्हणत. तिला कुणीतरी बाजूला ढकललं. शेजारचे धावत आले तेव्हा हंबीररावाचा जबडा मोडलेला होता आणि गूळ मातीत पसरला होता.

परतताना गाड्यांवर घोषणा चालल्या होत्या. विजयसिंहाची मूठ सुजली होती. साखळी तुटली होती.

घरी पूर्णिमा दुकानाचं काम घेऊन बसली होती. मांडीवर साजाची पानं, बोटात दोरा. "घावला?" तिनं विचारलं.

"घावला. हाडं मऊ करून आलो."

"कोण हुता?"

"वारणानगरचा हाय कुणीतरी. हंबीरराव."

तिच्या हातातला दोरा सुटला. पानं मांडीवरून घरंगळली आणि एक कॉटखाली गेलं. ती उचलायला वाकली नाही.

"त्येंचा फोन आलता," ती म्हणाली. "दुकानात, परवा. म्हणाले, 'मी बघितलंय तुम्ही कशा चालता ते. रविवारी ताट आणू नका. तुम्ही बसा, मी उठून पाणी घेतो.'" "मला वाटलं, गुजरीत कुठं बघितलं असंल. मी घरात कुणाला बोललो न्हाई. म्हटलं, रविवारीच कळू दे."

विजयसिंहानं सुजलेली मूठ पाठीमागं घेतली. ती म्हणाली, "दादा, काय हाय त्या क्लिपमधी?"

"नको बघू. घाण हाय."

तिनं वाकून कॉटखालचं पान काढलं आणि पुन्हा ओवायला घेतलं.

हंबीररावाचा जबडा तारेनं बांधला. त्याला बोलता येत नव्हतं, आणि धोंडुबाईला बोलायचं नव्हतं. ती मुलाला घेऊन गारगोटीला निघून गेली. त्या घराचं नाव माझ्यासमोर काढू नका, एवढंच म्हणाली. बाळासो दोन दिवसांनी विजयसिंहाला रस्त्यात भेटले. तालमीला भिऊन इकडं तिकडं बघत पुटपुटले, "मी तोंड उघडत न्हाई बाबा. मला दात हवं हायीत." आणि गेले.

मग जे झालं त्याला काय म्हणावं? कागलची मंडळी स्वतःहून आली. बहिणीसाठी जबडा मोडणारा गडी, असा जावई शोधून मिळायचा नाही, असं मुलीच्या वडिलांचं मत पडलं. आणि आक्कानंही कायदा बदलला. आता हिचं होणं नाही, ही क्लिप कुणाच्या मोबाइलवर नाही? मग पोरानं किती दिवस थांबायचं, असं तिनं पूर्णिमासमोरच सांगून टाकलं. पूर्णिमा म्हणाली, "व्हय, बरोबर हाय." गल्लीच्या तोंडाला तालमीनं मोठा डिजिटल बोर्ड लावला. गॉगल घातलेला विजयसिंह, खाली वाघाचं तोंड, आणि 'बहिणीच्या अब्रूचा राखणदार'. दुकानाला जाताना पूर्णिमा त्या बोर्डाखालून पाय ओढत जायची.

भाऊबीजेला लग्नाची सुपारी फोडायची ठरली. त्याच दिवशी तालीम घरी येऊन विजयसिंहाचा नारळ-शाल देऊन सत्कार करणार होती. सकाळी सगळं घर भरलं. कागलचे सासरे सोफ्यावर, तालमीची पोरं जमिनीवर दाटीवाटीनं, विजयसिंह मधोमध पाटावर, फेटा बांधून. सर्जेराव त्याच्या कानाशी लागला. "भावा, येक सांगायचं ऱ्हायलं. पुर्णाताईनं परवा माझ्याकडं क्लिप मागितली. मी न्हाईच म्हणत हुतो. म्हणाली, माझीच हाय, मला बघायचा हक्क न्हाई व्हय?"

विजयसिंह त्याच्याकडे वळला. "मग?"

"दोनदा बघितली. मोबाइल परत दिला आणि गेली."

तेवढ्यात आक्का बाहेरच्या खोलीतून ओरडली, "पुर्णे, पावण्यास्नी पाणी आण."

पूर्णिमा आतून पाण्याचं ताट घेऊन आली. अंगावर तीच साडी होती, गच्चीवरची. दारात थांबली, समोर पाटाकडे बघितलं आणि चालायला लागली. पाय उचलायचा प्रयत्न तिनं केला नाही. ओढत, हेलकावत आली. कट्ट्यावरच्या पोरांनी ते चालणं इतक्या वेळा बघितलं होतं की आता कुठं अडखळणार हे त्यांना पाठ होतं. तिथंच ती अडखळली. पेले कलंडले आणि पाणी साडीवर सांडलं. आक्का "अगं" म्हणेपर्यंत तिनं ताट खाली ठेवलं, भरल्या घरात साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि सावकाश पिळली. तो मनगटाएवढा पाय सगळ्यांसमोर होता. कागलचे सासरे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागले.

मग तिनं मान वर केली. क्लिपमध्ये ती जिकडं बघते तिकडं, म्हणजे नेमकं मोबाइल धरलेला माणूस जिथं बसला असेल तिथं, म्हणजे पाटावर. तसंच हसली. आणि क्लिपमध्ये तिचे ओठ जे म्हणतात, ज्यावर पेठेनं पैजा लावल्या होत्या, ते मोठ्यानं म्हणाली.

"बास का, दादा?"

सर्जेरावाला सगळ्यात आधी समजलं. त्यानं विजयसिंहाच्या खांद्यावरचा हात काढून घेतला. मग एकेकाच्या तोंडावर ते उमटत गेलं. पोरांनी एकमेकांकडे बघितलं, आणि त्यांना वारणानगरचा तो चष्मेवाला आठवला, 'ही तर तु' एवढ्यावर थांबलेला. आक्का उभी होती तिथंच खाली बसली. जो हात तिनं पोरीच्या थोबाडीत मारला होता तो तिनं दुसऱ्या हातानं धरला होता. "इज्या," एवढंच म्हणाली.

विजयसिंहाच्या फेट्याचा शेमला गळ्यावर आला होता तो सारायलाही हात उठला नाही. पूर्णिमा आत गेली, निरांजनाचं ताट घेऊन बाहेर आली, आणि रीतीप्रमाणे त्याच्यासमोर बसली. कपाळाला टिळा लावला. डोक्यावर तांदूळ टाकले. ओवाळताना तिचा हात जराही हलला नाही. साज ओवून ओवून तो स्थिर झालेला होता.

"ओवाळणी काय देऊ?" त्याच्या तोंडून कसंबसं निघालं.

"काय नको. माझ्याकडं हाय की, तू दिलेलं. सगळ्यांकडं हाय." ती उठली आणि बाकीच्या पोरांकडे न बघता आत गेली. त्या वर्षी तिनं दुसऱ्या कुणाला ओवाळलं नाही.

कागलची मंडळी चहा न घेता उठली. सुपारीचं कुणी काढलं नाही. शाल घडी न मोडता तशीच परत गेली, नारळ मात्र सोफ्यावर राहिला. पोरं एकेक करून बाहेर पडली, पण घरी गेली नाहीत. दाराबाहेर पायरीशी घोळका करून उभी राहिली. विजयसिंह पाटावर बसून होता. आत आक्काचं रडणं आणि भांड्यांचा आवाज ऐकू येत होता. पूर्णिमा भांडी घासत होती.

पायरीशी कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "काढलीस?" दुसरा म्हणाला, "पयल्यापास्नं. आवाजासकट." मग तो ओळखीचा खेळ सुरू झाला. टाक. आली. मला बी टाक. दार उघडं होतं. पाट तिथून दहा पावलंही लांब नव्हता.

विजयसिंहाच्या खिशात मोबाइल थरथरला. त्यानं काढून बघितला. सर्जाकडून येतंय, घ्यायचं का?

सर्जेराव पायरीवरून त्याच्याकडे बघत होता, नेहमी देणारा घेणाऱ्याकडे बघतो तसा. विजयसिंहानं त्याच्याकडे बघितलं आणि 'हो' दाबलं.